दोन महिन्यांच्या बाळाला देव म्हणायचं का?

जुनीवही

नाताळ जवळ आला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "आपल्याकडे अवतार, त्यांच्याकडे येशू, एकूण एकच ते." दुसरं, "एवढा मोठा देव, तो गोठ्यात कशाला जन्मेल?" पहिलं वाक्य लोक सौजन्यानं बोलतात, दुसरं खोचकपणे. पण माझ्या मते दुसऱ्यांनाच मुद्दा जास्त कळलेला असतो. कारण खुद्द ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न पहिली चार-पाचशे वर्षं सुटता सुटत नव्हता.

ज्या भांडणातून हे सगळं उघड्यावर आलं ते सांगतो. इ.स. ४२८ मध्ये नेस्टोरियस नावाचा अंत्युखियाकडचा संन्यासी कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू झाला. वक्ता फर्डा, स्वभाव तापट. शहरातले लोक येशूच्या आईला, मरियेला, 'थिओटोकोस' म्हणजे देवाला जन्म देणारी म्हणत. नेस्टोरियसच्या बरोबर आलेल्या एका धर्मगुरूनं व्यासपीठावरून सांगितलं, की असं म्हणू नका. मरिया माणूस होती, आणि माणसाच्या पोटी देव जन्माला येणं शक्य नाही. नेस्टोरियसनं त्याची बाजू घेतली. त्याचा पर्याय होता 'ख्रिस्ताला जन्म देणारी'. झालं, शहरात गदारोळ. तिकडे इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाचा सिरिल टपलेलाच होता. तोही काही साधा माणूस नव्हे. धर्मशास्त्र आणि राजकारण दोन्हींत मुरलेला. ४३१ मध्ये इफिस (आजच्या तुर्कस्तानात) इथं धर्माध्यक्षांची परिषद भरली. अंत्युखियाचे धर्माध्यक्ष प्रवासात अडकलेले असताना सिरिलनं त्यांची वाट न बघता २२ जूनला कामकाज सुरू केलं आणि नेस्टोरियसला पदावरून काढून टाकलं. काही दिवसांनी अंत्युखियावाले पोचले. त्यांनी आपली वेगळी परिषद भरवून सिरिललाच काढून टाकलं! सम्राट थिओडोसियस दुसरा यानं आधी दोन्ही निकाल मंजूर केले. पुढे सिरिलची बाजू वर आली.

त्या काळचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, नामसाम्य) याच्या नोंदीनुसार नेस्टोरियस इफिसमध्ये म्हणाला, की दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही. हा सॉक्रेटिस काही त्याचा कट्टर वैरी नव्हता. त्यानं त्याचं लिखाण वाचलं आणि निष्कर्ष काढला, की हा माणूस पाखंडी नाही, उगाच त्या एका शब्दाला बागुलबुवासारखा भ्यायला.

मला मात्र ती भीती अगदी समजते. देव माणसाच्या रूपात येतो ही कल्पना त्या ग्रीक-रोमन जगाला नवी नव्हती. झ्यूस वेष पालटून हिंडायचाच. पण ज्याला मान धरता येत नाही, भूक लागली हे रडूनच सांगावं लागतं, ज्याची दुपटी दुसऱ्यानं बदलायची, तो जीव आणि विश्वाचा कर्ता एकच? सिरिलचं उत्तर होतं, हो, एकच. देव एका माणसाच्या शेजारी उभा राहिला, त्याच्यात वस्तीला आला, असं नाही. जो अनादी आहे तोच मरियेच्या पोटी वाढला. म्हणून ती देवमाता. मरियेची थोरवी हा दुय्यम भाग. बाळ कोण आहे, हे ठरवण्यासाठी ती उपाधी लागते.

आता शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, उघडून बघा. मार्कमध्ये जन्मकथाच नाही, येशू थेट मोठा होऊन येतो. योहानात गोठा-मेंढपाळ काही नाही, फक्त शब्द (म्हणजे देवाचा अनादी पुत्र) देह झाला एवढं एक जबरदस्त विधान. कथा आहे ती मत्तय आणि लूकमध्ये, आणि तीही किती कोरडी! लूक सांगतो, बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, उतारशाळेत जागा नव्हती, आठव्या दिवशी सुंता झाली. पुढे मंदिरात अर्पण करायला नेलं तेव्हा होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिलं हे दान. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे बाळंतिणीनं कोकरू द्यायचं. पक्ष्यांची सवलत ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांना. म्हणजे घरची परिस्थिती लूकनं एका ओळीत सांगून टाकली. देवदूत येतात, तारा दिसतो, पण जे काही अद्भुत घडतं ते बाळाच्या भोवती. बाळ स्वतः काहीही करत नाही. चमत्कार नाही, बोलणं नाही, एक हसूसुद्धा नोंदवलेलं नाही.

लोकांना हे पचलं नाही, याचा पुरावाही आहे. दुसऱ्या शतकापासून येशूच्या बालपणाच्या खमंग गोष्टी फिरू लागल्या: मातीच्या चिमण्या करून उडवल्या, धक्का मारणाऱ्या पोराला शाप देऊन मारलं वगैरे. चर्चनं ते ग्रंथ बायबलमध्ये घेतले नाहीत. माझ्या मते तो निर्णय फार शहाणपणाचा होता, कारण त्या गोष्टींतलं मूल हे मूलच नाही, लहान आकाराचा देव आहे.

इथल्या ख्रिस्ती सभासदांना विचारायचं आहे: हे सगळं तुमच्या रोजच्या श्रद्धेत कुठे असतं? आणि बाकीच्यांनाही: 'अवतारच तो' म्हणून विषय संपतो का?

---

पर्जन्यछाया

लेख माहितीपूर्ण, पण शेवटचा प्रश्न उगाच ताणलाय. कृष्णही गर्भातून आला, यशोदेचं दूध प्यायला, उखळाला बांधला गेला. देवकीची कूस आणि मरियेची कूस यात फरक काय?

---

जुनीवही

@पर्जन्यछाया, उखळाचा दाखला चांगला आहे, पण तो पूर्ण आठवा. दोरी दोन बोटं कमीच पडत राहते, आई दमली तेव्हा तो बांधून घेतो, आणि मग उखळासकट जाऊन दोन झाडं पाडतो. माती खाल्ली म्हणून तोंड उघडायला लावलं तर आत ब्रह्मांड. कथेची सगळी गोडी यात आहे, की आईला माहीत नसलेलं आपल्याला माहीत आहे. बाळपण ही लीला आहे आणि मधूनमधून पडदा सरकतो. लूकच्या कथेत पडदा सरकत नाही. उलट तो म्हणतो, मुलगा ज्ञानानं आणि शरीरानं वाढत गेला. ज्ञानानं वाढला म्हणजे आधी कमी होतं!

आणखी एक फरक. आपल्याकडे दहा, चोवीस, असंख्य अवतार. ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच, एका रोमन सम्राटाच्या कारकिर्दीत, एका गावात. आणि ते शरीर नंतर टाकून दिलेलं नाही. पुनरुत्थानानंतरही तो माणूसच आहे, असं मानतात. यातलं चांगलं-वाईट मी ठरवत नाही. पण 'एकच ते' म्हटलं की दोन्हीकडचं बारकं काम पुसलं जातं.

---

खाडीपल्याड

मी वसईची, कॅथलिक. तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: इफिस-बिफिस आमच्या घरात कुणी काढत नाही. आमच्याकडे डिसेंबर लागला की पोरं गोठ्याच्या मागे. पेंढा आणायचा, कागदाचे डोंगर करायचे, वाटाण्याएवढे दिवे लावायचे. गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. बाळ चोवीसच्या रात्री मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी ठेवतात. मिस्सानंतर रांगेत उभं राहून बाळ येशूच्या मूर्तीच्या पायांचा मुका घ्यायचा. माझी आजी तो पाय आधी पदरानं पुसायची आणि मग मुका घ्यायची. आता तुम्ही म्हणता तो सिरिल यापेक्षा वेगळं काय सांगत होता? पायाचा मुका घेताना आजी 'हा माणूस आणि त्यात वस्तीला आलेला देव' असं दोन भागांत घेत नव्हती.

अवांतर: गोठ्याची ही पद्धत असिसीच्या फ्रान्सिसनं रुळवली असं मानतात, इटलीतल्या ग्रेच्चो गावी, १२२३ च्या नाताळात. त्याच्या चरित्रात लिहिलंय, की गवतानं भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव, आणि त्या गव्हाणीपाशीच मिस्सा. आणि गंमत म्हणजे बैल-गाढव शुभवर्तमानात नाहीतच! ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझ्या लोकांना कळत नाही. गोठ्यात त्यांना उभं करणं म्हणजे माणसांना टोमणाच आहे तो.

---

ढगफुटी

+१. आजींचा पदर आवडला. वाचनखूण साठवली.

---

लीळावाचक

जुनीवही, चर्चेत आपल्या मातीतला एक दाखला राहिला. महानुभाव परंपरेत परमेश्वर मानवी देह कसा धारण करतो याचे प्रकार सांगितले आहेत: गर्भीचा, पतिताचा आणि दवडण्याचा. पतिताचा म्हणजे मृत देहात प्रवेश. चक्रधरस्वामींबद्दल मानतात ते असं, की द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी आपला देह सोडला आणि भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव वारला होता, त्याच्या देहात प्रवेश केला. घरचे समजले, मुलगा चितेवरून उठला. देह हरपाळाचा, पण आतला जीव आता तो नाही.

आमच्याकडे यावर बराच काथ्याकूट झालेला आहे. ख्रिस्ती लोकांनी असा कधी विचार केला होता का, की येशूचं शरीर माणसाचं पण आत माणसाचा जीव नाहीच, थेट देव?

---

जुनीवही

@लीळावाचक, सलाम! हाच प्रश्न नेस्टोरियसच्या आधी दोन पिढ्या गाजला होता. लावदिकियाचा धर्माध्यक्ष अपोलिनारिस म्हणत होता, की येशूला माणसाचं शरीर होतं, पण विचार करणाऱ्या मानवी मनाच्या जागी देवाचा शब्दच होता. त्याला वाटत होतं, एका व्यक्तीत दोन मनं म्हणजे भानगड. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनं हे मत नाकारलं. हरपाळदेवाच्या कथेशी ते तंतोतंत जुळत नाही (इथे कुणी मेलेलं नव्हतं), पण 'देह माणसाचा, आत राहणारा देव' ही रचना सारखी आहे.

नाकारण्याचं कारण नाझियान्झसच्या ग्रेगरीनं एका पत्रात दिलं. त्याचा आशय असा: जे त्यानं अंगी घेतलं नाही, ते बरं झालं नाही. माणसाचं मनच तर बिघडलेलं आहे. ते वगळून नुसतं शरीर घेतलं तर मनाचं तारण कसं होणार? मला हा युक्तिवाद या सगळ्या वादातला सगळ्यात देखणा वाटतो. बाळाची असहायता, पोराचं अजाणतेपण, शेवटी मरणाची भीती, यातलं काहीही देवानं चुकवलं तर तो भाग तसाच आजारी राहतो, असं तो म्हणतोय.

---

निरीश्वर_नाशिक

युक्तिवाद देखणा असेल, पण तो भगदाड बुजवत नाही. सर्वज्ञ देव आणि 'ज्ञानानं वाढलेला' मुलगा एकच व्यक्ती असू शकत नाही. एकतर त्याला माहीत होतं किंवा नव्हतं. मार्कमध्ये तर मोठेपणी येशू स्वतः म्हणतो, की शेवटचा दिवस केव्हा ते पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, माहीत नाही. मग गणित कसं बसवलं?

---

जुनीवही

मार्कचं ते वचन (१३:३२) अगदी मर्मावर आहे. एरियस नावाच्या धर्मगुरूचे अनुयायी तेच दाखवत: बघा, पुत्राला माहीत नाही, म्हणजे तो पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ च्या निकाया परिषदेनं एरियसचं मत फेटाळलं, पण वचन तिथंच राहिलं ना!

सिरिलकडचं उत्तर असं, की देव म्हणून त्याला माहीत होतं, माणूस म्हणून माहीत नव्हतं. दुसरं उत्तर फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर उभं आहे: त्यानं स्वतःला रिक्त केलं. १९ व्या शतकात काही जर्मन ल्यूथरन पंडितांनी हे फार पुढे नेलं आणि म्हटलं, की माणूस होताना पुत्रानं सर्वज्ञता वगैरे गुण खरोखरच बाजूला ठेवले. मग लगेच शंका, की तेवढा वेळ विश्व कोण चालवत होतं? कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्सांना हे उत्तर पटत नाही.

४५१ मध्ये खाल्कीदोनला (आजच्या इस्तंबूलचा आशियाई काठ) जे सूत्र ठरलं ते तुम्हाला आवडणार नाही: एकच व्यक्ती, दोन स्वभाव, मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. चारही 'न'कार. हे कसं घडतं ते सूत्र सांगत नाही. कुठल्या चार दिशांना जाऊ नका एवढंच सांगतं. तुम्ही याला पळवाट म्हणाल. मला ते कुंपण वाटतं. आणि तेही सर्वांनी मानलं नाहीच. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियाक ऑर्थोडॉक्स चर्च त्यावरूनच वेगळी राहिली.

---

निरीश्वर_नाशिक

पळवाटच म्हणतो. :) पण आपण पळतोय हे लिहून ठेवणारे लोक कमी असतात, एवढं मान्य.

---

सोलापूरचा_शेख

आमच्या बाजूनं थोडं. कुराणात मरियमच्या नावाचा स्वतंत्र सूरा (अध्याय) आहे, एकोणिसावा. ईसांचा (येशूचा) जन्म कुमारीच्या पोटी झाला हे आम्हीही मानतो. तिथं गोठा नाही. मरियमला कळा येतात त्या खजुराच्या झाडाखाली, आणि ती म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. बाळंतपणाचं दुःख इतकं उघड आहे. मग ती बाळाला घेऊन लोकांत येते, लोक बोल लावतात, ती बाळाकडे बोट दाखवते आणि पाळण्यातलं बाळ बोलतं: मी अल्लाहचा बंदा आहे, त्यानं मला ग्रंथ दिला, नबी केलं. मातीच्या पक्ष्यात फुंकर मारण्याचा चमत्कारही कुराणात आहे, अल्लाहच्या परवानगीनं.

जुनीवहींच्या लेखामुळे एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. आमच्याकडे ईसा देव नाहीत, आणि ते पाळण्यात बोलतात. ख्रिस्ती लोकांकडे ते देव आहेत, आणि पाळण्यात गप्प!

---

खाडीपल्याड

शेखभाई, काय बोललात! हे आमच्या फादरना ऐकवणार.

---

नगरची_शोभा

आम्ही अहमदनगरचे, प्रॉटेस्टंट. आमच्या मंडळीत 'देवमाता' म्हटलं की जुनी माणसं अजून कपाळाला आठी घालतात, ते कॅथलिकांचं म्हणून. पण आमच्या पाळकांनी एकदा सांगितलं, की खुद्द मार्टिन ल्यूथरनं ती उपाधी सोडली नव्हती, आणि इफिसची परिषदही मान्य केली होती. मूर्ती आणि नवस हा वेगळा वाद.

मला या श्रद्धेत तत्त्वज्ञानापेक्षा ती पारव्याची पिलं जास्त भिडतात. आमची पणजी दुष्काळात ख्रिस्ती झाली. तिला खाल्कीदोन कुणी सांगितलं नसणार. देवाच्या आईकडे कोकरू नव्हतं, एवढं तिला कळलं असेल. रेव्हरंड टिळकांनी (कवी नारायण वामन टिळक) भजन-कीर्तनाच्या वाटेनं ख्रिस्त सांगितला तो याच लोकांना.

---

पर्जन्यछाया

शोभाताई, तुमचा प्रतिसाद पटला. पण मग हा धर्म इतका गरिबांचा, तर बेथलेहेमात एवढी भव्य चर्च कशाला? आणि २५ डिसेंबर ही तारीख सूर्यपूजकांकडून ढापलेली, त्याचं काय?

---

जुनीवही

तारखेचं थोडक्यात: शुभवर्तमानात तारीख नाही. रोममधल्या ३५४ सालच्या एका संग्रहात २५ डिसेंबर नोंदलेली आहे, आणि ती यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. 'ढापली' आणि 'वधस्तंभाच्या तारखेवरून हिशेब करून काढली' अशी दोन्ही मतं अभ्यासकांत आहेत. या धाग्यापुरता तो वाद लांबवत नाही.

बेथलेहेमबद्दल मात्र लिहायलाच हवं. पहिलं चर्च चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या काळात बांधलं, आजची इमारत मुख्यतः सहाव्या शतकातली. भव्य खरीच, पण आत शिरायचं दार जेमतेम चार फूट उंच. चांगलं ताठ उभं माणूस वाकल्याशिवाय आत जात नाही. (भाविक त्याला नम्रतेचं दार म्हणतात. लहान करण्यामागे घोड्यावरून कुणी आत शिरू नये हा व्यावहारिक हेतू सांगतात.) खालच्या गुहेत जन्मस्थानावर चौदा टोकांची चांदीची चांदणी आहे. १८४७ मध्ये ती चोरीला गेली, आणि कॅथलिक-ऑर्थोडॉक्स भांडण रशिया-फ्रान्सपर्यंत पोचून क्रिमियन युद्धाच्या कारणांत जमा झालं. २०११ मध्ये तिथं साफसफाईच्या हद्दीवरून ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंची झाडूंनी हाणामारी झाली, ती जगानं बघितली. नाताळही तिथं तीनदा होतो: २५ डिसेंबर, ७ जानेवारी आणि आर्मेनियनांचा १९ जानेवारीला. तुमच्या टोमण्याला मी यापेक्षा जास्त दारूगोळा देऊ शकत नाही.

पण त्याच गावात दूधगुहाही आहे. पांढऱ्या चुनखडीची. मरियेच्या दुधाचा थेंब सांडून दगड पांढरा झाला अशी समजूत, आणि मूल व्हावं, अंगावर दूध यावं म्हणून बायका त्या दगडाची पूड नेतात. ख्रिस्तीही आणि मुसलमानही. चौथ्या शतकातला सीरियन कवी इफ्रेम याच्या जन्मगीतांत हाच विचार आहे: तो मरियेचं दूध पीत होता, आणि त्याच्या देण्यावर सारी सृष्टी पोसत होती. इफिसच्या ठरावापेक्षा मला इफ्रेम जवळचा वाटतो.

---

मांडवीकाठ

उशिरा आलो. या वादाचा गोव्याशी थेट संबंध आहे तो कुणी काढला नाही म्हणून लिहितो. नेस्टोरियस हरला, पण रोमन साम्राज्याबाहेर, पर्शियात, जे पूर्वेकडचं चर्च होतं त्यानं इफिसचा निकाल मानला नाही. केरळचे संत थॉमसचे ख्रिस्ती शतकानुशतकं त्या चर्चकडून धर्माध्यक्ष आणत. पोर्तुगीज आले आणि त्यांनी या लोकांवर 'नेस्टोरियन' असा शिक्का मारला. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो दे मेनेझिस केरळात गेले, उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि नेस्टोरियसच्या शिकवणीचा जाहीर धिक्कार करायला लावला. सिरियाक ग्रंथ दुरुस्त करायचे किंवा जाळायचे. किती जुनं वाङ्मय गेलं, कोण जाणे. पुढे १६५३ मध्ये मट्टांचेरीला त्या ख्रिस्ती लोकांनी जेजुइटांविरुद्ध (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शपथच घेतली, कूनन क्रॉसची.

आणि त्याच काळात आमच्या सासष्टीत इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचत होता. १६१६ मध्ये रायतूरला छापलं. एकीकडे ग्रंथ जाळणारे, दुसरीकडे ओवी शिकणारे, आणि दोघेही एकाच आर्चबिशपच्या हद्दीतले. मला या दोन गोष्टी एकत्र धरायला जड जातात.

---

ढगफुटी

मग नेस्टोरियसचं पुढे काय झालं?

---

जुनीवही

@मांडवीकाठ, अप्रतिम भर.

@ढगफुटी, आधी आपल्या जुन्या मठात परतला, मग तिथूनही हुसकून इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार. साधारण ४५० च्या सुमारास तिथंच वारला. त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम होता. पण हद्दपारीत लिहिलेलं एक पुस्तक सिरियाक भाषांतरात टिकलं आणि १९ व्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांच्या हाती लागलं. ते वाचून बरेच जण म्हणू लागले, की 'नेस्टोरियन' म्हणून जे मत धिक्कारलं गेलं, ते खुद्द नेस्टोरियसचं नव्हतंच फारसं.

११ नोव्हेंबर १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडच्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये एकत्र निवेदनावर सह्या केल्या. एक चर्च मरियेला 'देवमाता' म्हणतं, दुसरं 'ख्रिस्ताची, आमच्या देवाची आणि तारणाऱ्याची माता'. दोन्हींनी मान्य केलं, की ही एकाच श्रद्धेची रूपं आहेत. दोन्ही चर्च अजून एक झालेली नाहीत.

---

निरीश्वर_नाशिक

४३१ ते १९९४. आमच्या सोसायटीतला पार्किंगचा वाद यापेक्षा लवकर मिटेल अशी आशा वाटते. इफ्रेमच्या गीतांवर वेगळा धागा काढा, मी वाचेन. देव मानणार नाही, पण वाचेन.